वायरलेस कंट्रोलरचा सखोल अभ्यास

१४ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. कारण: अभ्यास.

नंदूचा बंगळुरूहून फोन आला. (नंदू म्हणजे आमची राजनंदिनी, एकुलती एक, तिकडं नोकरीला. ही रोजनिशी मीच वाचणार आहे, त्यामुळे हे लिहायची गरज नव्हती. पण नोंद कशी पूर्ण असावी.) म्हणाली, बाबा, दिवाळीला आलो की तो गेमचा डबा घेऊन जातो. इथं फ्लॅटवर मैत्रिणी खेळतील, तिथं नुसता धूळ खात पडलाय की. मी म्हणालो, ने की, त्यात काय.

फोन ठेवल्यावर तिच्या खोलीत जाऊन डबा पुसला. धूळ खरंच होती.

मग शांतपणे विचार केला. डबा चाललाय, कारण तो वापरात नाही. वापरात असता तर गेला नसता. आणि डबा इथं असतो म्हणून तर ती आली की दिवसभर त्याच्यासमोर फुटबॉल खेळत बसते. म्हणजे घरात असते. जेवायला हाक मारली की थांबा, गोल होऊ दे, असं ओरडते. डबा गेल्यावर त्या खोलीत राहिलं काय? एक पलंग आणि दहावीची पुस्तकं.

तेव्हा ठरलं. दिवाळीपर्यंत मी हा गेम शिकणार आणि नंदूला तोडीस तोड सामना देणार. घरातच असा खेळाडू मिळाल्यावर ती डबा कशाला नेईल?

अडचण एकच. दोघांना खेळायला दोन कंट्रोलर लागतात, आपल्याकडं आहे एक. तोही वायरचा, म्हातारा. नवीन घ्यायचा तर वायरलेस. पण वायरलेस घेण्यासारखा असतो का? मी राजारामपुरीत चष्म्याचं दुकान चालवतो. नजर हाच माझा धंदा. वस्तू पारखल्याशिवाय घेणाऱ्यांतला मी नव्हे. भावना बाजूला ठेवून पूर्ण अभ्यास करीन, मगच निर्णय.

संयोगिताला सांगितलेलं नाही. बायकोला योग्य वेळ बघून सांगावं.

१५ सप्टेंबर, सोमवार.

संयोगिताला कळलं. मोबाइलवर रिव्ह्यूचा व्हिडिओ मोठ्यानं लागला.

दिवसभर दुकानात रिव्ह्यूच पाहिले. मुख्य मुद्दा लेटन्सी. म्हणजे इथं बटण दाबल्यावर तिथं हालचाल व्हायला लागणारा वेळ. जेवताना संयोगिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हंजे तुमच्यासारखंच की. गॅसची नळी बदला म्हणून गणपतीच्या आधी सांगितलंय, अजून हालचाल न्हाय.

नळीचा इथं काहीही संबंध नाही.

बाळासो खोत डोळे तपासायला आले होते. तक्त्यावरच्या ओळी दाखवता दाखवता त्यांचं मत घेतलं. विचारलं, वायरचं बरं का बिनवायरचं? ते म्हणाले, खालची वळ दिसंना झालीया. लोकांना नव्या तंत्रज्ञानात रस नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार.

पितृपक्ष. नवीन खरेदी नाही. एका अर्थी बरंच झालं, घाई टळली.

आज डबा दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडून जुन्या कंट्रोलरची चाचणी घेतली. निष्कर्ष: टाकाऊ. वायर आखूड, त्यामुळे सोफ्यावर बसता येत नाही, टीव्हीपुढं पाट टाकून बसावं लागतं. शिवाय वायर डब्यात जिथं घुसते तिथं ढिली. जरा हलली की आपला खेळाडू मैदानात नुसता उभा. बोटानं दाबून धरली तरच चालतं. म्हणजे एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं वायर धरून बसायचं. असं बसायला तयार होणारा माणूस कसला असेल, याचा विचारच करवत नाही.

शेजारच्या दुकानातला मुजम्मिल मोबाइलची कव्हरं विकतो. त्याला विचारलं. म्हणाला, धैर्यशीलभाऊ, मॅच काय वायरमुळं हरतंय व्हय कोण? मी नुसता हसलो. पोरगा चांगला आहे, पण अभ्यास नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना.

सकाळी घट बसले. दुपारी ऑर्डर टाकली. रंग काळा. किंमत इथं लिहीत नाही. संयोगिता ही रोजनिशी वाचत नाही, तरी लिहीत नाही.

आवडला नाही तर दहा दिवसांत परत करता येतो. म्हणजे ही खरेदी नव्हेच. ही परीक्षा आहे, कंट्रोलरची.

संयोगितानं विचारलं, ह्यो तुमच्यासाठी मागवलाय का नंदूसाठी? मी म्हणालो, घरासाठी. ती म्हणाली, घरात मी बी हाय. आणि आत गेली. तिला काय म्हणायचं होतं ते कळलं नाही. बहुधा गॅसची नळी.

२५ सप्टेंबर, गुरुवार.

कंट्रोलर आला. खोका उघडतानाचा व्हिडिओ काढला. बराचसा माझा अंगठाच आलाय, पण अंगठा स्पष्ट आहे.

हातात वजन छान. चार्ज केला आणि जोडायला बसलो. दिवा लुकलुक, लुकलुक. जोडला गेला एकदाचा, पण माझ्या मोबाइलला. आता कंट्रोलर हलवला की मोबाइलमधले आमच्या महाबळेश्वरच्या सहलीचे फोटो सरकतात. हा जादा फायदा म्हणून नोंदवला.

शेवटी संयोगिता हात पुसत आली, मागचं बारकं बटण दाबून धरलं आणि डब्याला जोडून दिला. जोडायची सगळी तयारी माझी झालीच होती. तिनं फक्त दाबलं.

२७ सप्टेंबर, शनिवार.

दुकान लवकर बंद केलं. पहिला सामना कॉम्प्युटरशी. लेव्हल: शिकाऊ. निकाल ०-६.

यातले दोन गोल माझे आहेत. दिशा चुकली, पण मला गोल मारता येतो हे सिद्ध झालं.

मग सरावाचा पर्याय निवडला. मैदानात मी आणि समोर फक्त गोलकीपर, बाकी कोणी नाही. पुष्कळ वेळ खेळलो. ०-०. गोलकीपर अतिशय चांगला आहे.

कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला फुटबॉल शिकवायला लागत नाही. पेठांच्या मॅचला मी शाळेत असल्यापासून घसा फोडतोय. खेळ डोक्यात पक्का आहे, फक्त बोटांत उतरत नाही. कारण सापडलं. अंगठ्याखाली दोन गुंड्या असतात, त्या फिरवून खेळाडू पळवायचा. त्या गुंड्या कडक आहेत. नवा माल आहे. रुळायला वेळ लागणार.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी अकरा.

आज रेंजची चाचणी. वायरलेस म्हणजे किती वायरलेस, हे कोणत्याच रिव्ह्यूत नीट सांगितलेलं नाही.

पद्धत: संयोगिताला टीव्हीपुढं बसवलं. (तिनं आपणहून पाट घेतला.) मी कंट्रोलर घेऊन बाहेर. जिन्यातून खेळलो, मग फाटकातून, मग रस्ता ओलांडून चहाच्या गाड्यावरून. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, टीव्ही खिडकीजवळ. काय झालं ते तिनं खिडकीतून सांगायचं.

फाटकापर्यंत आपल्यावर चार गोल झाले. ते तिनं गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. चहाच्या गाड्यावर एक अनोळखी माणूस म्हणाला, पावणं, ड्रोन उडीवताय काय? मी म्हणालो, मॅच खेळतोय. तो वर आभाळात बघायला लागला. त्याचं बघून आणखी दोघं बघायला लागले.

पण महत्त्वाचं पुढंच आहे. मी गाड्यावर पोचलो आणि निकाल फिरला. आपला एक गोल झाला. मग दुसरा. संयोगिता खिडकीत येऊन ओरडली, आवो मारला! मी चहा खाली ठेवून जोरात बटणं दाबली. तिसराही झाला.

निष्कर्ष: अंतर वाढलं की माझा खेळ सुधारतो. हे कंपनीला कळवायला पाहिजे. जगात कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

वर आलो तर संयोगिता घामाघूम. खिडकी ते टीव्ही धावाधाव झाली असणार. जुन्या कंट्रोलरची वायर पाटाभोवती पसरलेली होती. गुंडाळून ठेवली. घरात कोणाला शिस्त नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

हत्यारं आणि अवजारांची पूजा. दुकानातलं डोळे तपासायचं मशीन, स्क्रू ड्रायव्हर, स्कूटर. घरातला मिक्सर, विळी, कात्री. यंदा कंट्रोलरही मांडला. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. फोटो चांगला आला, नंदूला पाठवला. तिनं हसण्याच्या चित्रांची रांग पाठवली. म्हणजे आवडला.

संयोगितानं जुना वायरचा कंट्रोलरही आणून पूजेत ठेवला. विचारलं तर म्हणाली, ते बी अवजारच की. कृतज्ञता म्हणून ठीक आहे.

एक अक्षत पासच्या बटणाच्या फटीत गेली. दाबलं की आता कुरकुर होते. काही बिघडत नाही. पास द्यायची मला तशी सवय नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

नवी कापशी चप्पल घातली. सोनं द्यायला सगळीकडं पायी फिरलो. करकर आवाज असा की लोक वळून बघत होते. संध्याकाळी दोन्ही अंगठ्यांना फोड.

नवी चप्पल चावणारच. आमच्या वडिलांची रीत ठरलेली: एरंडेल चोळायचं, ऊन दाखवायचं, परत चोळायचं. चार दिवसांत चामडं लोण्यासारखं होतं. इतकी वर्षं झाली, या रीतीनं एकही चप्पल वाया गेलेली नाही.

लिहिता लिहिता एक विचार आला. उद्या सविस्तर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

केलं.

गॅलरीत वर्तमानपत्र अंथरलं. डावीकडं चप्पल, उजवीकडं कंट्रोलर. दोघांनाही एरंडेल. चप्पलेला फडक्यानं, कंट्रोलरला कापसानं. गुंड्यांच्या मुळाशी थेंब थेंब सोडलं आणि गोल गोल फिरवलं. पासच्या बटणाच्या फटीतही सोडलं, म्हणजे तांदूळ मऊ पडेल. मग ऊन.

परदेशातले लोक एवढ्या महागाच्या वस्तू बनवतात, पण ती रुळवायची कशी हे त्यांच्या पुस्तिकेत कुठंच नाही. सुरक्षिततेच्या सूचना मात्र सव्वीस भाषांत.

संयोगिता गॅलरीत डोकावली. तिनं एरंडेलची बाटली उचलून झाकण लावलं. मग म्हणाली, नंदूला सांगू नका.

तिचं बरोबर आहे. आयत्या वेळी चकित करू.

५ ऑक्टोबर, रविवार.

परत करायचा आज शेवटचा दिवस. घेण्यासारखा आहे का नाही, आज काय तो निर्णय.

गुंड्या तपासल्या. मऊसूत. बोट ठेवलं की फिरतात. काही वेळा बोट न ठेवताही फिरतात. चप्पलही मऊ. पद्धत सिद्ध.

निर्णय: ठेवायचा. पूर्ण विचारांती. शिवाय परत करायच्या अटी वाचल्या, वस्तू मूळ स्थितीत पाहिजे म्हणतात. आपली मूळ स्थितीपेक्षा चांगल्या स्थितीत आहे. आणि वास येतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

एक नवीन गोष्ट. माझे खेळाडू आता सांगितल्याशिवाय डावीकडं पळतात. चेंडू मिळाला की थेट डाव्या कोपऱ्यात, झेंड्यापाशी. तिथंच पळत राहतात. सुरुवातीला दचकलो. मग लक्षात आलं, ही डावपेचाची बाजू आहे. समोरच्याला वाटणार उजवीकडून येईल, आणि आपण कायम डावीकडं. याला डावी मुसंडी असं नाव दिलं.

आजचा निकाल ०-५. मुसंडी अजून गोलपर्यंत पोचत नाही.

दुपारी अचानक जेवायला घरी गेलो तर कुकर लावलेला नव्हता. टीव्ही गरम होता. संयोगिता म्हणाली, मालिका बघत होतो. मग भात होईतोवर तिनं विचारलं, पळायचं बटण सारखं दाबून धरलं तर गडी दमतोय व्हय? मी म्हणालो, खेळाडू कधी दमत नाही, गेम आहे तो. ती म्हणाली, दमतोय वो, शेवटच्या धा मिनटात चालतच न्हाय बगा. मी विषय वाढवला नाही. मालिकेत फुटबॉलचं काहीतरी दाखवत असतील.

तिच्या उजव्या अंगठ्याला लचक भरलीये. चकलीचा सोऱ्या दाबून. दिवाळी अजून लांब आहे, पण ती लवकर लागते कामाला. तिला मलम आणून दिलं. कष्टाळू बाई आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

नंदूचा फोन. शनिवारी येते. म्हणाली, येताना मोठी बॅग रिकामीच आणतो, डबा बसंल का बगा. मोजून सांगा.

टेप घेऊन मोजला. लांबी सांगितली, रुंदी सांगितली. ती म्हणाली, बसतोय मग. ठेवू? मी म्हणालो, ठेव.

डबा गेला तर ती येणारच नाही असं नाही. येईल. सणाला येईल, लग्नकार्याला येईल. पण गेल्या जूनमध्ये ती उगीच आली होती. काही कारण नव्हतं. दोन दिवस राहिली, खेळली, खाल्लं, गेली. ते उगीच येणं मला पाहिजे आहे. लिहून टाकलं.

निश्चय: शनिवारपर्यंत रोज दोन तास सराव. सकाळी बोटांचा व्यायाम. रबरी चेंडू दाबणे. तेलकट बंद.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

दुकानात दिवाळीची गर्दी. सराव नाही. रबरी चेंडू मिळाला नाही, लिंबू दाबलं. संयोगितानं पहिल्या चकल्या तळल्या. खाल्ल्या, कारण चव बघायला माणूस लागतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

सराव नाही. मात्र विचार पुष्कळ केला. मोठ्या सामन्याआधी विश्रांती घेतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार.

नंदू आली. वाळलीये. संयोगिता म्हणाली, न्हाय, तशीच हाय.

बॅग खरंच मोठी आहे आणि खरंच रिकामी आहे. दिवाणखान्यात उघडी ठेवलीये. दोनदा अडखळलो.

सामना नरकचतुर्दशीला ठरला. मी आव्हान दिलं. नंदू म्हणाली, बाबा, तुम्ही? मी म्हणालो, हो, मी. ती आईकडं बघून हसली. आई गॅसकडं बघत होती. (गॅसची नळी नवीन आहे. तिनं बदलून घेतलेली दिसते. मीच बदलणार होतो.)

२० ऑक्टोबर, सोमवार. नरकचतुर्दशी.

अभ्यंगस्नान झालं. फराळ झाला. सामना झाला.

नंतर लिहीन.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

कालचं. नि:पक्षपातीपणे लिहितो.

नंदूनं वायरचा घेतला, ढिली वायर गुडघ्यानं दाबून पाटावर बसली. मी सोफ्यावर, वायरलेस. तिनं माझा कंट्रोलर हातात घेऊन बघितला, मग नाकाशी नेला. म्हणाली, बाबा, ह्याला एरंडेलचा वास कसा येतोय? मी पद्धत समजावून सांगितली. चप्पल, ऊन, आजोबांची रीत. ती ऐकत होती. मग एकदम जमिनीवर आडवी झाली आणि पोट धरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी. ही पोरगी गेलं वर्षभर फोनवर नुसतं हं, बरं, ठेवू करतेय. असं हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं. मलाही हसू आलं, पण कारण वेगळं होतं.

सामना. डावी मुसंडी चालली नाही. माझे अकराही गडी आळीपाळीनं झेंड्यापाशी जाऊन पळत बसले. एक-दोनदा मी पास द्यायचा प्रयत्न केला. कुरकुर झाली, पास नाही. ०-९. नंदूनं शेवटचे तीन गोल बसल्या जागी पाणी पीत मारले.

ती म्हणाली, चला, डबा भरायला घेतो.

अभ्यास पूर्ण होता, निश्चय होता, साहित्य होतं. उठून चकलीचा डबा उघडला.

तेवढ्यात संयोगिता पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, थांब, एक डाव माझ्याबरोबर खेळ. नंदूला वाटलं गंमत. मलाही वाटलं. संयोगितानं पाट ओढला, पदर खोचला, वायरचा कंट्रोलर घेतला आणि ढिली वायर डाव्या पायाच्या अंगठ्यानं दाबून धरली. ही लकब एका दिवसात येत नसते.

नंदूला माझा घ्यावा लागला. एरंडेलवाला.

निकाल २-१. संयोगिताचे दोन.

दुसरा गोल तिनं कसा मारला ते मी अजून विचार करतोय. मधून पास, परत पास, मग गोलकीपर पुढं आला तसा वरून अलगद. हाच तो गोलकीपर, जो माझा एकही चेंडू सोडत नव्हता. तिला विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, दुपारी. तुम्ही दुकानात गेला की. आधी तुम्ही खिडकीतून निकाल सांगायला बसवलासा, तवा बगवंना झालं, म्हणून हात लावला. मग लागला नाद.

म्हणजे त्या रविवारचे तीन गोल. अंतराचा शोध कंपनीला कळवलेला नाही, हे एक बरं झालं.

नंदू चिडली. खरंखुरं चिडली. म्हणाली, ह्या चप्पलेनं कोण खेळंल? माझा गडी डावीकडनं सरकंनाच. परत खेळू. परत खेळले. पुन्हा संयोगिता. मी म्हणालो, मॅच काय कंट्रोलरमुळं हरतंय व्हय कोण? हे मला तिथंच सुचलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार.

नंदू गेली. बॅगेत चकली, चिवडा, करंज्या, भडंग, आईची एक जुनी साडी.

डबा इथंच आहे.

स्टँडवर म्हणाली, राहू दे तिथंच. आईला प्रॅक्टिस लागती. मी माझा कंट्रोलर घेऊन येतो, तिला बगतोच. कधी येतेस म्हणून विचारलं नाही मी. विचारलं की ती लांबवते.

घरी येऊन शांतपणे हिशोब मांडला. डबा राहावा म्हणून मी वायरलेस घेतला. घेतला म्हणून संयोगितानं खेळायला सुरुवात केली. एरंडेल लावलं म्हणून नंदू हरली. हरली म्हणून चिडली, चिडली म्हणून डबा राहिला. सगळं माझ्या योजनेप्रमाणे झालंय. मध्ये थोडा तपशील बदलला.

संयोगिताला हे सांगितलं. ती म्हणाली, व्हय, व्हय. आणि टीव्ही लावला.

२ नोव्हेंबर, रविवार.

कंट्रोलर आता चालूच होत नाही. दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. मुजम्मिलकडं नेला. त्यानं उघडून आत बघितलं आणि विचारलं, भाऊ, हे भजी तळायला वापरलासा का? कंट्रोलर पिशवीत टाकून परत आणला.

चप्पल मात्र उत्तम आहे.

अभ्यासाचा निष्कर्ष लिहून हा विषय संपवतो. प्रश्न: वायरलेस कंट्रोलर घेण्यासारखा आहे का? उत्तर: आहे. दिसायला चांगला, वजन चांगलं, रेंज भरपूर. फक्त खेळायच्या कामाचा नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार. दुपार.

सकाळी दार वाजलं. दारात नंदू. सण नाही, लग्न नाही, काही नाही. हातात स्वतःचा नवा कंट्रोलर. म्हणाली, कुठाय ती?

आल्यापासून दोघी टीव्हीपुढं. मी संयोगिताला सुचवलं, तूही एक वायरलेस घे, मी अभ्यास करून देतो. ती म्हणाली, नको, माझा हात ह्याच्यावर बसलाय. तुम्ही कशाला हात लावू नका.

पण वायर आता फारच ढिली झालीये. पायाच्या अंगठ्यानं भागत नाही. पहिल्या डावात ऐन मोक्याला सुटली आणि गोल झाला. संयोगितानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, रिकामंच हाय न्हवं? या हिकडं.

तेव्हा सध्या मी टीव्हीच्या बाजूला जमिनीवर बसलोय. डाव्या हाताच्या बोटानं वायर दाबून धरलीये, उजव्या हातानं हे लिहितोय. टीव्ही इथून दिसत नाही. दोघींची तोंडं दिसतात. मगाशी जेवायचं विचारलं तर दोघी एकदम म्हणाल्या, थांबा, गोल होऊ दे.

२-२. शेवटची दहा मिनिटं. लिहिताना हात हलतो म्हणून नंदू ओरडली, बाबा, ते लिहायचं ठेवा आणि घट्ट धरा की.

ठेवतो. घट्ट धरलीये.